खिडकीवरचा बर्फ

जसं आहे तसं बरं वाटेल असं एकही घर आमच्या धाकट्या भाऊजींना अजून भेटलेलं नाही. उद्या कोणी ताजमहाल त्यांच्या ताब्यात दिला, तर संध्याकाळच्या आत त्या संगमरवरावर ते संगमरवराच्या चित्राचा कागद चिकटवतील, चार पावलं मागे सरकतील, मान तिरकी करतील आणि मला म्हणतील, "पाहा वहिनी, आता कसा उठून दिसून राहिला!" भाऊजी म्हणजे माझ्या नवऱ्याचे धाकटे भाऊ. सगळी नोकरी खापरखेड्याच्या वीजकेंद्रात झाली आणि राहणं तिथल्याच कॉलनीत. क्वार्टर सरकारी, त्यामुळे भिंतीत खिळा ठोकायचा तरी मनात धाकधूक. माझा आपला कयास असा, की त्या न ठोकलेल्या खिळ्यांची हौस त्यांच्या अंगात साठत गेली आणि रिटायर होऊन नागपूरला प्रताप नगरात स्वतःच्या घरात आले तेव्हा ती बाहेर पडायला बघू लागली. माझी जाऊ होती तोवर हातोडी तिच्या कपाटात कुलपाआड असायची. ती बिचारी गेली आणि कपाटाची किल्ली भाऊजींच्या हाती लागली. त्यानंतर त्या घराचं जे झालं त्याला भाऊजी 'मेकओव्हर' म्हणतात. मी काय म्हणते ते छापता येणार नाही.

घर लहानसंच आहे. वर भाऊजी एकटे राहतात आणि खालच्या दोन खोल्या भाड्यानं देण्यासाठी. आता भाड्याचं घर म्हटलं की साधी माणसं काय करतात? चुना मारतात, गळका नळ बदलतात आणि पाटी लावतात. पण भाऊजींनी मोबाइलवर व्हिडिओ पाहिलेले. कमी खर्चात घराचा कायापालट कसा करावा हे त्यात बंगळुरूची कोणी मुलं-मुली हसत हसत सांगतात, आणि त्यांच्यावर भाऊजींचा जेवढा विश्वास, तेवढा स्वतःच्या डॉक्टरवरही नाही. "वहिनी, भाडेकरू पाया नाही पाहत, चेहरा पाहते," हे त्यांचं तत्त्वज्ञान. त्या चेहऱ्यासाठी ते सदर बाजारातल्या मोठमोठ्या दुकानांत जायचे, तिथल्या उंची वस्तूंना हात लावून पाहायचे, दुकानदाराला "मिसेसला घेऊन येतो" असं सांगायचे (मिसेस वरून पाहत असेल तर तिनं कपाळाला हात लावला असेल), आणि तीच वस्तू प्लास्टिकमध्ये फुटपाथवरून घेऊन यायचे. दारांना सोनेरी मुठी आल्या. ओट्याला काळ्या ग्रॅनाइटचा स्टिकर आला. अंगणातली चांगली वाढलेली तुळस कोपऱ्यात सरकवून तिथे हिरवंगार प्लास्टिकचं गवत अंथरलं गेलं. ते पाहून शेजारची गाय रोज फाटकाशी यायची, गवताचा वास घ्यायची आणि भाऊजींकडे अशी काही बघायची की मलाच लाज वाटायची.

हे सगळं मी हसून सोडून दिलं असतं. पण गेल्या दिवाळीआधी भाऊजी जिन्यात चक्कर येऊन पडले. खाली कोणी राहत नव्हतं, त्यामुळे कोणाला कळलंच नाही. मी दोन गल्ल्या पलीकडे राहते. डब्यात चिवडा घेऊन गेले, तर हे जिन्यात पाय पसरून बसलेले, कपाळाला टेंगूळ, आणि मला म्हणतात, "काही नाही जी, जिन्याच्या कठड्याला कोणता रंग चांगला दिसेल ते पाहून राहिलो होतो." मी त्यांच्या मुलाला फोन केला. तो पुण्याला असतो, चांगला समजूतदार आहे. त्यानं दिवाळीत येऊन एकच गोष्ट सांगितली. खाली कोणी माणसं राहायला आली, म्हणजे बाबांना हाक मारली तर ऐकायला कोणी असलं, तर बाबांनी खुशाल नागपुरात राहावं. मे महिन्यापर्यंत कोणी आलं नाही, तर घर विकायचं आणि बाबांनी पुण्याला त्याच्याकडे, उंच इमारतीतल्या फ्लॅटमध्ये यायचं. भाऊजींनी मान डोलावली. मुलगा गेल्यावर मला म्हणाले, "वहिनी, त्याच्या फ्लॅटमध्ये सगळं आधीच फिट करून दिलेलं आहे. मी तिथं करू काय?"

झालं. त्या दिवसापासून भाऊजी पेटले. भाडेकरू हवा म्हणजे घर आणखी सुंदर हवं, आणि ते आणखी सुंदर झालं की माणसं आणखी जोरात पळत. एक बँकेतला तरुण आला. भला मुलगा. कपाट उघडायला गेला आणि सोनेरी मूठ त्याच्या हातात आली. दुसरा कोणी असता तर ओशाळला असता. भाऊजी म्हणाले, "ठेवा, ठेवा तुमच्याजवळ. ती काढता-घालता येते, म्हणजे चोरीची भीती नाही." तो मुलगा मूठ खिडकीत ठेवून जो गेला तो गेलाच. मग एक नवरा-बायको आले. बाथरूममध्ये भाऊजींनी निळ्या टाइल्सचे स्टिकर लावले होते. ते वॉटरप्रूफ आहेत हे नुसतं सांगून भागलं नसतं काय? नाही. यांनी भरली बादली भिंतीवर मारली. टाइल्सची एक सबंध रांग भिंतीवरून अलगद सुटली, पाण्यावर तरंगत मोरीकडे निघाली आणि जाळीवर जाऊन बसली. सगळे त्या मिरवणुकीकडे पाहत उभे. बाई हळूच म्हणाल्या, "छान आहे, पण आम्हाला जरा टिकणारं पाहिजे होतं." भाऊजी मागून ओरडले, "अहो, बदलता येतात म्हणून तर लावल्या ना!"

पण या सगळ्यांवर कळस चढला तो डिसेंबरात. नागपूरच्या बाहेरच्यांसाठी सांगते, आमच्याकडे घराला दोन प्रकारच्या खिडक्या असतात. एक बाहेर बघायची आणि एक कूलरची. बाहेर बघायची नसली तरी चालते. उन्हाळ्यात बाहेर बघण्यासारखं काही नसतंच. पण कूलरची खिडकी म्हणजे घराचं नाक. ते बंद केलं तर माणसानं जगायचं कसं? भाऊजींच्या खालच्या खोलीत ही खिडकी अगदी समोरच्या भिंतीत, बाहेर कूलर ठेवायचा गंजका लोखंडी स्टँड, खाली पाण्याचे ओघळ. दिसायला ओंगळ होती हे मीही मान्य करते. व्हिडिओतल्या बंगळुरूच्या मुलीनं सांगितलं की दारातून आत येताच समोर एक 'हायलाइट' भिंत पाहिजे. मग काय! भाऊजींनी स्टँड कापून भंगारात दिला, खिडकीवर प्लायवूड ठोकलं, आणि त्या सबंध भिंतीवर छतापासून जमिनीपर्यंत बर्फाच्या डोंगराचा वॉलपेपर लावला. डोंगराच्या पायथ्याशी एक निळं तळं, तळ्यात एक होडी.

"भाऊजी, कूलर कुठं लावायचा?" मी विचारलं.

"काहून वहिनी, थंडी पडून राहिली आणि तुम्ही कूलरचं काय काढता?" ते म्हणाले. अंगात स्वेटर, कानाला मफलर, हातात सोललेलं संत्रं. डिसेंबरातला नागपूरकर असाच असतो. त्याला वाटतं, यंदा उन्हाळा येणारच नाही.

उन्हाळा आला. मार्च उलटला तसे येणारे लोक दारातून आत यायचे, डोंगराकडे बघायचे, मग उरलेल्या तिन्ही भिंतींकडे बघायचे, आणि "कळवतो" म्हणून निघून जायचे. भाऊजींना वाटे, डोंगराचा रंग फिका पडला असेल. म्हणून त्यांनी डोंगराभोवती जांभळ्या दिव्यांची माळ लावली. मी रोज सांगायची, ते रोज ऐकून न ऐकल्यासारखं करायचे, आणि वर जाऊन स्वतःच्या कूलरसमोर, पन्ह्याचा पेला हातात धरून, लोक घर का नाकारतात यावर विचार करायचे. पुण्याहून मुलाचा फोन दर रविवारी येतच होता. आधी भाऊजी खोलीत फिरत फिरत बोलायचे, एप्रिलात बसून बोलायला लागले. एकदा मी गेले, तर जावेच्या साड्या पलंगावर काढून ठेवलेल्या. "पाहून राहिलो, पुण्याला काय काय न्यायचं," म्हणाले आणि पुन्हा एकेक घडी घालून आत ठेवू लागले. त्या दिवशी मी त्यांना एकही टोमणा मारला नाही. मारावासा वाटला नाही.

त्याच आठवड्यात एक नर्सबाई आपल्या आईला घेऊन घर बघायला आली. भर दुपार. बाहेर डांबर मऊ झालेलं. मुलगी शांत, थकलेली. आई मात्र बडबडी, चांदीचे केस, डोळे लख्ख. भाऊजींनी जांभळे दिवे लावले. म्हातारी आत आली, डोक्यावरचा पदर सोडून तोंड पुसलं आणि सरळ डोंगरापाशी गेली. तळहात पसरून बर्फावर ठेवला. थोडा वेळ तसाच ठेवला.

"भाऊ," ती म्हणाली, "तुमचा बर्फ गार लागून नाही राहिला गा."

मी खोकला आल्याचं दाखवून तोंडावर पदर धरला. भाऊजी म्हणाले, "आई, ते चित्र आहे."

"ते दिसते मले. पण याच्या मागं काय हाय? वाजून पाहा." तिनं बोटानं टकटक केलं. प्लायवूड पोकळ वाजलं. "इथं कूलरची खिडकी होती न? काहून बुजवली बाप्पा?"

"शोभेसाठी," भाऊजी म्हणाले. इतक्या हळू आवाजात मी त्यांना कधी बोलताना ऐकलं नव्हतं.

"माही पोरगी रातपाळी करून येते. दिवसा झोपते," म्हातारी म्हणाली. "घर साजरं हाय तुमचं, खोटं कायले बोलू? पण शोभा पाहाले डोळे उघडे ठेवा लागते, अन् तिले डोळे मिटाचे हायेत." आणि मुलीला म्हणाली, "चाल वं." मुलगी जाता जाता ओशाळं हसली. फाटक वाजलं. भाऊजी जांभळ्या उजेडात तळ्यातल्या होडीकडे पाहत उभे. मला वाटलं, आता दिव्यांची दुसरी माळ आणतील.

ते कोपऱ्यात गेले, पटाशी आणि हातोडी घेतली आणि डोंगराच्या ऐन शिखरावर पहिला घाव घातला. मी म्हटलं, "भाऊजी, माणूस बोलवा, तुमची तब्येत..." पण त्यांचं लक्ष नव्हतं. बर्फ टरटरा फाटला, तळं लोंबायला लागलं, होडी उलटी झाली. प्लायवूडचा शेवटचा खिळा निघाला तेव्हा बाहेरची गरम हवा भसकन आत आली आणि भाऊजी त्या भोकात डोकं घालून, घामानं निथळत, आरामात श्वास घेत राहिले. मग त्यांनी नर्सबाईला फोन लावला. तो उचलला म्हातारीनं, पलीकडून तिचा आवाज मला दाराशी ऐकू येत होता.

"खिडकी उघडली आई," भाऊजी म्हणाले.

"अन् बर्फ?"

"वितळला."

पलीकडे म्हातारी एवढी हसली की भाऊजींना फोन कानापासून लांब धरावा लागला.

नवा स्टँड बसला, कूलर लागला आणि मायलेकी राहायला आल्या. म्हातारीनं आल्या आल्या ओट्यावरचा ग्रॅनाइट सोलून काढला, मुठी एका डब्यात भरून भाऊजींना परत केल्या, तुळस पुन्हा अंगणाच्या मधोमध आणली. भाऊजी जिन्यात बसून आपल्या कलेची ही परतफेड बघायचे. दुपारी मुलगी झोपली की हेच पाइप धरून कूलरमध्ये पाणी भरतात, आवाज होऊ नये म्हणून धार कडेनं सोडतात. सकाळी त्यांची चप्पल जिन्यात वाजली नाही, तर म्हातारी खालून ओरडते, "भाऊ, उठले काय गा?" आणि "हो जी" आल्याशिवाय गॅसवर चहा ठेवत नाही. मे महिन्यात मुलगा आला. दोन दिवस राहिला, हे सगळं ऐकलं, पाहिलं. निघताना माझ्या पाया पडला आणि म्हणाला, "काकू, बाबांना इथंच राहू द्या." जणू मीच त्यांना न्यायला निघाले होते.

तो गेला त्या संध्याकाळी मी आत भाजी निवडत बसले होते. फाटकाशी भाऊजींचा आवाज आला, "वहिनी, हाओत काय घरी?" मी ऐकलं, पण ओ दिली नाही. माझे यजमान गेल्यापासून सासरकडची माणसं एकेक करून गेली. मुलांची मी आई, सुनेची सासूबाई, गल्लीची आजी. 'वहिनी' म्हणून हाक मारणारं या गावात आता हे एकच माणूस राहिलं आहे. मी भाजीची काडी हातात धरून तशीच बसून राहिले. त्यांनी पुन्हा हाक मारली.