वरच्या मजल्यावर राहिलेला आवाज

आयुष्यभर मुद्रितशोधकाचे काम केलेल्या दादांना परक्याची चूक तत्क्षणी दिसे. स्वतःची दिसण्याचा योग मात्र क्वचितच येई. त्या साधनेत त्यांच्या सहधर्मचारिणीचा वाटा मोठा. ती मूळ प्रत विरामचिन्हांसह मोठ्याने वाची आणि दादा छापील प्रतीवर खुणा करीत. ती गेली, आणि त्या वाचनाची ध्वनिमुद्रणे तेवढी मागे राहिली. तीही वरच्या मजल्यावर, धाकट्या भावाच्या संगणकात. दोन्ही संगणक तिनेच जोडून दिले होते. दोहोंवर दादांचे एकच खाते, एकच परवलीचा शब्द. त्यामुळे वरचा सामायिक फोल्डर खालून विनासायास उघडे.

मग जिन्याखालच्या जागेवरून भावाभावांचे वाजले आणि बोलणे तुटले. दुसऱ्या दिवशी सकाळी दादांनी फोल्डर उघडू पाहिला, तर नाव आणि परवलीचा शब्द विचारला गेला. दादांनी दिला, नाकारला गेला. एकेक अक्षर जपून दाबत पुन्हा दिला, पुन्हा नकार. त्यांच्या मस्तकात तिडीक गेली. ते तडक जिन्याच्या पायथ्याशी आले.

"गेलेल्या माणसाला कोंडून ठेवतोस? लाज नाही वाटत?"

तोंडात ब्रश धरून धाकटा कठड्यावरून वाकला. "आता काय झालं?"

"कुलूप घातलंस ना तुझ्या डबड्याला! माझ्या बायकोचा आवाज आहे त्यात."

"मी हातसुद्धा लावलेला नाही. काल रात्रीपासून मलाच खालचं उघडत नाही. तुम्ही काय उद्योग केलात तो आठवा." एरवी 'तू' म्हणणारा धाकटा वैर धरले की 'तुम्ही'वर येई, आणि तो आदर दादांना शिवीहून झोंबे.

"मी माझ्या संगणकाचा शब्द बदलला. तुझं नाक माझ्या फायलींत नको म्हणून! त्याचा वरच्याशी काय संबंध?"

धाकटा खदखदून हसला. "वा, दादासाहेब! वरचं खातं जुनाच शब्द ओळखतं. दोन्हीकडे सारखा होता म्हणून न विचारता आत सोडत होतं. मला हाकलायला गेलात आणि स्वतःच बाहेर पडलात! जुना टाका, उघडेल. आठवतोय ना? का ओरडून सांगू, अख्ख्या गल्लीला?"

"तोंड आवर!"

दादा खोलीत परतले. तो शब्द विसरणे अशक्यच होते. हे दोघे सदैव एकमेकांच्या उरावर बसतात म्हणून तिने मुद्दाम दोघांची घरातली हाकेची नावे जोडून तो रचला होता. स्वतःचे नाव दादांनी झरझर टंकले. पुढच्या नावापाशी बोट अडले. दातओठ खात त्यांनी तेही अक्षराअक्षराने उमटवले आणि पुन्हा कधी ते लिहावे लागू नये, एवढ्याचसाठी, 'लक्षात ठेवा' या चौकटीत खूण केली.

फोल्डर उघडला. तिचा आवाज आला: संथ, प्रसन्न, प्रत्येक स्वल्पविरामाचा मान राखणारा. जिन्यावर उतरणारी पावले मध्येच थांबली. भाऊ ऐकतो आहे, हे दादांनी ओळखले.

ते उठले आणि त्यांनी दार धाडकन लावून घेतले.