बाऊ झाला

माझा स्वभाव मुळातच संशयी. डब्यात पोळी उरली तर मला वाटतं, पोरगं आजारी आहे. आणि डबा चाटूनपुसून साफ झाला तर वाटतं, घरी उपाशी ठेवतात की काय! पहिलीची बाई झाल्यापासून हा स्वभाव कामाला आला, असं मी स्वतःलाच बजावायचे. सहा वर्षांचं पोर तक्रार घेऊन येत नाही, आपणच ओळखायचं असतं.

सांगलीकडून बदली होऊन पालघरात आले, तेव्हा मुरबे गावाच्या अलीकडे, किनाऱ्यावरच्या एका गावात मला पहिलीचा वर्ग मिळाला. त्यात एक मुलगी होती. जून संपला तरी तोंडातून अक्षर नाही, हजेरीला नुसती मान हलवायची. मी गाणी म्हणून पाहिली, चिंचा दिल्या, मांडीवर घेतलं. छे! ती आपली दाराकडे बघत बसायची. तिला शाळेत सोडायला आजी यायची, आईला मी कधी पाहिलंच नव्हतं. ही एकदा तरी माझ्याशी बोलू दे, एवढाच ध्यास लागला होता मला.

जुलैत एका सकाळी ती आपणहून माझ्यापाशी आली. वेणी घातलेली नाही, फ्रॉक उलटा. माझी ओढणी ओढून म्हणाली, "बाई, आयला बाऊ झाला."

मी तिला जवळ ओढलं. "कसा झाला गं?"

"आय लय रडली."

"आणि बाबा?"

"बाबानी मला बायेर काडलं."

झालं! पावसाळ्यात मासेमारी बंद, बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या, बाप दिवसभर घरात. मी मनातल्या मनात सगळं जुळवून टाकलं. मोठ्या गुरुजींना सांगितलं तर ते म्हणाले, "चौकशी करा बाई, पण उगाच बाऊ करू नका." मला वाटलं, हेही पांघरूण घालणाऱ्यांतलेच.

शाळा सुटताना बापच न्यायला आला, हातात पेढ्यांचा पुडा घेऊन. माझा संशय दुणावला. हा माझं तोंड बंद करायला आलाय! फाटकापाशी आया छत्र्या धरून उभ्या होत्या. त्यांच्यादेखतच मी आवाज चढवला, "पेढे राहू द्या. बायकोला काय केलंत ते सांगा आधी. पोरीनं सगळं सांगितलंय मला."

त्यानं मुलीकडे पाहिलं. "काय सांगितला गो तू?"

"बाऊ झाला," ती पुटपुटली.

आयांतली एक फिस्सकन हसली. "अवो बाई, बाऊ म्हंजे पाटचा बाऊ! हिच्या आयला पोरगा झालाय काल!"

भाऊ. आमच्याकडे लेकरू पडून खरचटलं की त्याला बाऊ होतो. इथे भाताचा बात होतो आणि भावाचा बाऊ, हे मी महिनाभर रोज ऐकत होते की! मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. बापानं पुडा पायरीवर ठेवला, मुलीला कडेवर उचललं आणि चालू लागला.

आठ दिवस ती आली नाही. तिची शाळा सुटते की काय, या विचारानं मला जेवण गोड लागेना. शेवटी घरी जाऊन माफी मागितली. बाप ओट्यावर जाळं दुरुस्त करत बसला होता. मान वर न करता म्हणाला, "धाडतो, बाई. तिला नीट बोलायला शिकवतो नि मग धाडतो."

मला वाटलं, रागानं बोलला.

दोन दिवसांनी ती आली. घट्ट वेणी, फ्रॉक सुलटा. मी हसून विचारलं, "भाऊ कसा आहे गं?" तिनं ओठ दाबले, मोठा श्वास घेतला. "भाऊ बरा आहे." भ इतक्या जोरात, की थुंकी उडाली. आणि 'हाय' नाही, चक्क 'आहे'.

पुढे शाळा तपासायला आलेल्या साहेबांनी तिच्या शुद्ध बोलण्याचं कौतुक केलं, माझंही केलं. मी खाली मान घालून उभी राहिले. घरचं विचारलं की ती थोडी थांबायची, शब्द जुळवायची आणि म्हणायची, "घरी सगळं बरं आहे, बाई." उद्या खरंच काही झालं तरी ती मला हेच सांगणार होती.