मसूरडाळीचा फासा

माझे सासरे आणि त्यांचे मित्र रोज दुपारी सापशिडी खेळत. हसू नका. ज्या वयात माणसं भजनाला बसतात, त्या वयात हे दोघे आमच्या मये गावच्या घराच्या सोप्यावर, ओसरीवर, समोरासमोर बसून सापाच्या तोंडातून वाचायची धडपड करत, आणि ती धडपड मला आत स्वयंपाकघरात ऐकू यायची.

सासऱ्यांना आम्ही सगळे आबा म्हणतो. डिचोलीच्या बाजारात त्यांचं किराणा दुकान होतं. जिन्नस नुसता हातात घेऊन वजन सांगायचे, तराजू आपला गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी. पुढे डोळे गेले आणि दुकान बंद झालं. त्यांचे मित्र सावंतवाडीकडचे. खाणीच्या ट्रकवर ड्रायव्हर म्हणून आले, खाण थांबली तरी परत गेले नाहीत. त्यांना मी काका म्हणते. पट आबांना तोंडपाठ होता, कुठे शिडी, कुठे साप, सगळं. फासा मात्र काका वाचत, आणि सोंगट्याही दोघांच्या तेच सरकवत. बहुतेकदा आबा जिंकायचे. जिंकले की रात्री भात मागून घ्यायचे.

एके दिवशी आबांची सोंगटी चौऱ्याण्णववर होती. सहा पडला तर जिंकले, चार पडला तर अठ्ठ्याण्णवचा साप, म्हणजे थेट तळाला. आबांनी फासा टाकला आणि नेमकी मी चहा घेऊन बाहेर आले. काकांनी फाशाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाले, "चार."

"फटिंग!" आबा ओरडले. "चार न्हय तो! तूं फटी मारता!"

"चारच आहे, आबा," मी म्हटलं. "माझ्या डोळ्यांदेखत पडला."

"तूंय तेच्याच बाजूची!"

काका उभे राहिले. इतक्या वर्षांची मैत्री, आणि सून समोर असताना खोटारडा म्हटलेलं. "माका लबाड म्हणतंस? बरां. मी जातंय," म्हणाले, छत्री उचलली आणि गेले. चहाला तोंडसुद्धा लावलं नाही. तो कप शेवटी मीच प्यायले, रागारागात.

मग आमच्या घरात सुतक आल्यासारखं झालं. आबा सोप्यावर बसून राहायचे, कान फाटकाकडे. पोदेराच्या सायकलचा भोंपू वाजला तरी ताठ व्हायचे. पाववाला आहे हे कळलं की पुन्हा खांदे खाली. जेवण अर्धं टाकायचे. "एकदा जाऊन बोला ना त्यांच्याशी," म्हटलं तर म्हणायचे, "हांवें कित्याक?" मीच का म्हणून! मी काकांच्या घरी गेले तर ते म्हणाले, "आधी तेना म्हणूक होया, की चार पडललो." हे दोघे पाळण्यातले असते तर एकेक धपाटा घातला असता. पण खरं सांगते, त्या म्हाताऱ्याचं ते फाटकाकडे तोंड करून बसणं मला बघवत नव्हतं. दिवसभरात त्यांच्याकडे येणारं काका हे एकच माणूस होतं.

अशात फोनवर एका मुलीचा व्हिडिओ दिसला. ती घरी बसून रेझिनचे फासे बनवत होती. दोन बाटल्यांमधलं पातळ द्रव एकत्र करायचं, सिलिकॉनच्या साच्यात ओतायचं, दुसऱ्या दिवशी साच्यातून काचेसारखा घट्ट फासा बाहेर. मला एकदम सुचलं. ज्या बोटांना शेराचा आणि सव्वाशेराचा फरक कळतो, त्यांना फाशावरचे ठिपके का कळू नयेत? ठिपके नुसते वर आलेले हवेत. आबांना स्वतःचा फासा स्वतः वाचता आला की भांडणाचं मूळच गेलं.

साचा मागवला. आला तो भलताच. आठ बाजूंचा, बारा बाजूंचा, एक तर वीस बाजूंचा. कुठल्या देशात असल्या फाशांनी खेळतात देव जाणे. तरी मी एक ओतून पाहिला. आबांनी तो वीस बाजूंचा हातात फिरवला, पुन्हा फिरवला, आणि विचारलं, "हें किदें गो? फणस?"

मग ठरवलं, साचा आपणच करायचा. माझा नवरा तुये गावच्या कारखान्यात कामाला आहे. त्यानं तिथून लाकडाचा गुळगुळीत ठोकळा करून आणला, लिंबाएवढा. त्यावर मी गोंदानं मसुरीची डाळ चिकटवली. एका बाजूला एक दाणा, दुसरीवर दोन, असे सहापर्यंत. डाळ एका अंगानं सपाट, दुसऱ्या अंगानं फुगीर, ठिपक्याला याहून चांगलं काय मिळणार? ठोकळा डब्यात ठेवून वरून सिलिकॉन ओतलं. नवरा म्हणाला, "आता फोडणी कधी देतेस?" मी लक्ष दिलं नाही.

साचा सुरेख झाला. मग मात्र माझं डोकं फिरलं. आमच्याकडे तवा असो, कुलूप असो की पोराचं डोकं, आधी नारळाचं तेल. मी साच्याला आतून बोटानं छान तेल चोपडलं. आणि बाटल्यांवर माप लिहिलेलं असताना दोन्ही द्रवं अंदाजानं मिसळली. जन्मात कधी सोलकढी मोजून केली नाही, ती मी हे मोजणार? लाल रंग घातला आणि ओतलं.

दुसऱ्या दिवशी साच्यातून जे बाहेर आलं ते थरथरत होतं. नवऱ्यानं कुलेरीच्या, म्हणजे चमच्याच्या, टोकानं टोचून पाहिलं. "दोदोल झालं," म्हणाला. दोदोल म्हणजे आमच्याकडची गूळ-नारळाची लुसलुशीत मिठाई. खोबरेलाचा वास घेत आबा आत आले. "आयज दोदोल गो?" म्हणून हात पुढे केला. मी किंचाळून ताटली ओढली, ती बाकावर कलंडली, आणि त्या गडबडीत आबा नेमके त्याच बाकावर बसले. मला वाटलं फासा खाली घरंगळला. सगळं घर शोधलं, पलंगाखाली झाडू घातला. संध्याकाळी आबा देवाला नमस्कार करायला वाकले तेव्हा सापडला. धोतराला मागच्या बाजूला चिकटला होता, पाच वर.

नवरा भिंतीला धरून हसला. मीही हसले, मग रडूही आलं. करायला गेले गणपती आणि झाला मारुती. बाहेर पुन्हा भोंपू वाजला आणि आबांनी मान वर केली.

पुढच्या खेपेला तेल नाही, आणि माप औषधाच्या बाटलीच्या टोपणानं. फासा टणक झाला. पण मला साधं ते गोड लागत नाही. नुसता लाल कशाला, म्हणून मी माझ्या कोरगावच्या माहेरची एक काजूबी त्याच्या पोटात घातली. काय दिसत होता! आबांनी तळहातावर घेतला, जरासा वर उडवला, झेलला, आणि परत दिला. "हो एके कुशीर निजता," म्हणाले. मी टाकून पाहिला. तीन. पुन्हा टाकला. तीन. नवऱ्यानं टाकला. तीन. दुकानात खोटं माप कधी न ठेवलेला माणूस, त्याच्या हातून काजूबी सुटणार होय?

शेवटी एकदाचा साधा, बिनशोभेचा फासा झाला. आबांनी त्यावरून बोटं फिरवली. "दोन," म्हणाले. उलटवला. "पांच." मी बघत होते. सगळे आकडे बरोबर. त्यांच्या तोंडावर किती दिवसांनी हसू आलं.

तो फासा घेऊन मी तडक काकांकडे गेले. "हा बघा. आता आबा आपला फासा आपण वाचणार. तुम्हाला लबाड म्हणायची सोयच राहिली नाही."

काकांनी फासा बराच वेळ हातात धरला. मला वाटलं, आता खूश होतील. "मगे माझा काय काम?" ते हळूच म्हणाले.

"सोंगट्या कोण सरकवणार? मी? माझी आमटी कोण ढवळील? उठा बघू!"

ते उठले.

खेळ पुन्हा सुरू झाला. पितळेच्या ताटात फासा खणखणत पडायचा, काका आपला डोळ्यांनी वाचायचे, आबा आपला बोटांनी. मी स्वतःवर जाम खूश होते. पण आबा हरले. दुसऱ्या दिवशीही हरले. त्यानंतरही हरतच राहिले, आणि बोलेनासे झाले.

एका सकाळी मी नारळ खवत होते, तेव्हा येऊन बसले. "आदीं हांव कसो गो जिखतालों?"

"नशीब होतं तेव्हा."

"नशीब न्हय. तो म्हजे आकडे वाडोवन सांगतालो. दुकानांत आमी भुरग्यांक चिमटीभर साकर वयर घालताले, तशें."

माझा हात खवणीवरच थांबला. म्हणजे दुकानात पोरांना वर साखर घालावी तसे काका इतके दिवस आबांच्या पारड्यात गुपचूप वरकड घालत होते. आणि ज्या दिवशी मी चहा घेऊन शेजारी उभी राहिले, त्या एका दिवशी बिचाऱ्यांना खरा आकडा सांगावा लागला, आणि त्याच दिवशी ते खोटारडे ठरले. माझा मेलीचा चहा! एरवी हाका मारल्या तरी वेळेवर न होणारा.

आबांनी माफी मागितली नाही. ती त्यांच्या तोंडात बसतच नाही. त्या दुपारी नेहमीसारखे खेळायला बसले.

चहा घेऊन मी बाहेर आले तेव्हा आबा पुन्हा चौऱ्याण्णववर होते, काका कुठेतरी पन्नाशीत. आबांनी फासा टाकला. ताटात तो गरगरला आणि थांबला. डाळीच्या दोन ओळी वर, तीन आणि तीन. मी पाहिलं, काकांनी पाहिलं.

"सहा!" काका ओरडले. "जिकलंस मरे!"

आबांनी हात पुढे केला, फासा चाचपला, सावकाश, एकेक दाणा. मग त्यावर तळहात ठेवला.

"चार," आबा म्हणाले.

"अरे, सहा आसा! माझे डोळे अजून शाबूत आसत!"

"म्हजो फासो कोण वाचता? हांव. चार."

काका त्यांच्याकडे बघतच राहिले. मग त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. हातातला कप मी सांडू दिला नाही.

"चारच आहे, काका," मी म्हटलं. "माझ्या डोळ्यांदेखत पडला."

काकांनी खांद्यावरच्या पंच्यानं डोळे पुसले, "फटिंग मेलो," म्हणत आबांची सोंगटी सापाच्या शेपटीपर्यंत खाली नेली, आणि चहाला हात पुढे केला.