एक लाख एक

ताईला बघायला मैंदर्गीची मंडळी आली, त्या दुपारी भवानी पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत पंखा लावूनही सगळे घामाघूम झाले होते. ताई शाळेत गणित शिकवायची, मी कॉलेजात होते. मुलगा सोलापुरातच एका कचेरीत नोकरीला होता, गावी शेती. पोह्यांची बशी हातात घेऊन त्याचे वडील म्हणाले, "पोरगी लई शिकलेली हाय की. आमच्या पोराला काय विचारायचं असंल तर विचार बाई."

असं कुणी म्हणत नसे. आधीच्या स्थळांनी ताईला फक्त स्वयंपाकाचं विचारलं होतं. तिनं पदर सारखा केला आणि म्हणाली, "एक लाख एक ही मूळ संख्या आहे का? की तिला कशानं भाग जातो?"

आईनं माझा दंड घट्ट धरला. मुलगा हसला नाही. बोटानं गुडघ्यावर आकडे काढत बसला. "अकरानं जातो," जरा वेळानं तो म्हणाला. "नऊ हजार एक्क्याण्णव येतात."

"आणि नऊ हजार एक्क्याण्णवला?"

"ते आत्ता न्हाय सांगता येणार. उद्या सांगितलं तर चालेल?"

मंडळी गेल्यावर आईला रडूच फुटलं. "हेही स्थळ घालवलंस!" ताई कपबशा विसळत राहिली.

दुसऱ्या दिवशी कचेरी सुटल्यावर तो एकटाच आला. चपला काढायच्या आधीच म्हणाला, "मूळ आहे. पंच्याण्णवपर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघितलं."

"पुढं का नाही बघितलंत?"

"पुढच्या कुठल्या संख्येनं भाग गेला असता, तर तिची जोडीदार पंच्याण्णवच्या आतच सापडली असती की. एकसष्टला वाटलं, गेला आता. तर बाकी दोन!"

"मलाही तिथंच वाटलं होतं," ताई म्हणाली, आणि इतकी मोकळी हसली की बाबा आतून बाहेर आले. त्या संध्याकाळी दोघं बोलत बसले ते दिवेलागण उलटून गेली तरी. आईनं तीनदा चहा केला.

लग्नानंतर ती दोघं नवी पेठेत राहायला गेली. सुट्टीत मी तिथं राहायचे. खाली कापडदुकानांची गर्दी, रिक्षांचे हॉर्न, आणि वर गॅलरीत शेंगा सोलत ताई आणि दाजी कुठल्याशा भल्यामोठ्या संख्येचे अवयव पाडत बसलेले. एखादी दोन दोन दिवस दाद द्यायची नाही. मग भाजी निवडता निवडता ताई एकदम ओरडायची, "अहो, सापडला!"

ताईला जाऊन दोन वर्षं झाली. परवा दाजींकडे गेले तेव्हा त्यांना दाखवलं, की आता फोनवर संख्या घातली की अवयव लगेच येतात. त्यांनी चष्मा चढवून बघितलं, मान डोलावली.

"चांगलं हाय," म्हणाले. "पण मग बोलायचं काय?"

आणि उठून आमच्या दोघांसाठी चहा ठेवायला आत गेले.