नरपडच्या भाऊंचे लॉट

डहाणू रोडला एका शेअर ब्रोकरच्या ऑफिसात मी नऊ वर्षं ऑर्डर टाकते. दिवसभरात चहाचे जेवढे कप जमतात, तेवढेच किस्सेही जमतात. कप संध्याकाळी फेकून देता येतात. किस्से मात्र माझ्याबरोबर घरी येतात आणि भाकरी थापताना डोकं तापवतात.

नरपडचे जयवंतभाऊ आमचे रोजचे गिऱ्हाईक. चिकूची मोठी वाडी. फवारणीचं औषध झाकणाने मोजून पंपात घालणारा माणूस, पण आमच्याकडे आला की लॉटच, म्हणजे शेअरचे गठ्ठेच घ्यायचे, आणि खात्यातले सगळे पैसे एकाच सौद्यात! एकदा न राहवून विचारलं, "भाऊ, औषध का मोजता?"

"जास्त झालं तर फूल जळतं ना."

"मग इथे का नाही मोजत?"

"इथे कुठे फूल आहे?"

अडीच वाजेपर्यंत निम्मे पैसे गेले होते.

*

त्यानंतर मी हट्टाने त्यांना स्टॉपलॉस लावायला लावला. म्हणजे भाव ठरलेल्या आकड्याखाली गेला की शेअर आपोआप विकले जातात, नुकसान तिथेच थांबतं. दुसऱ्याच दिवशी भाव त्या आकड्याकडे सरकू लागला आणि भाऊंचा फोन आला.

"काढ तो स्टॉपलॉस. तो लावलाय म्हणूनच भाव तिकडे चाललाय."

मी दोनदा बजावलं. ऐकेनात. काढला. भाव धाडकन कोसळला. तासाभरात भाऊ ऑफिसात हजर, चार माणसांसमोर माझ्यावर आवाज चढवून, "मी सांगितलं म्हणून काय झालं? तू काढलासच कसा?"

*

वेवजीचे एक निवृत्त मास्तर पहिल्यांदाच आले होते. त्यांना म्हटलं, "एका सौद्यात किती गेले तरी झोप लागेल, ते आधी ठरवा. त्यावरून किती शेअर घ्यायचे ते काढू." मास्तरांनी कागदावर गणित मांडलं आणि बारा शेअर घेतले. दुपारी भाव पडला, स्टॉपलॉस लागला. "ठरलं तेवढंच गेलं," म्हणाले आणि तलासरीची गाडी पकडायला निघाले.

मला इतकं बरं वाटलं! तेवढ्यात मालक किरीटभाईंनी केबिनमध्ये बोलावलं.

"बेन, बारा शेअरवर आपल्याला दलाली किती सुटते? आपण दुकान काढलंय, शाळा नाय."

*

याच किरीटभाईंनी तपासणीला साहेब येणार म्हटल्यावर भिंतीवर मोठा बोर्ड लावला, 'जोखीम समजून घ्या, मगच सौदा करा'. साहेबांनी मान डोलावली, चहा घेतला, गेले. त्यांची गाडी वळणावर दिसेनाशी झाली आणि बोर्ड कपाटामागे गेला. मी विचारलं तर म्हणाले, "गिऱ्हाईक घाबरतं."

*

गेल्या महिन्यात सुलभावहिनी आल्या. जयवंतभाऊंची बायको. हातात पोस्टाने आलेलं वर्षाचं स्टेटमेंट. लेकीच्या नर्सिंगच्या ॲडमिशनसाठी ठेवलेले पैसे त्यात गेलेले दिसत होते.

किरीटभाई लगबगीने बाहेर आले. "बसा वहिनी, चहा सांगतो."

"चहा नको. हे खातं कोणाचं?"

"तुमच्याच नावावर आहे, वहिनी."

"मग तीन वर्षांत मला एकदाही विचारलं का नाही?"

किरीटभाई माझ्याकडे बघू लागले. मी खाली बघितलं. ऑर्डर भाऊ सांगायचे आणि मीच टाकायचे. चीड आली ती सगळ्यात जास्त स्वतःची.

तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. मी उचलला. भाऊंचा आवाज समोर उभ्या वहिनींनाही ऐकू येत होता. "चार लॉट घे. नको, आठ घे. आज सगळं वसूल करतो."

वहिनींनी हात पुढे केला. मी फोन देऊन टाकला.

"खातेदार बोलतेय," त्या शांतपणे म्हणाल्या. "आपण कोण?"