सुनेच्या मुलखातलं जेवण

रविराज रांजणगावच्या कंपनीत फिटर होता तोवर त्याच्या पोटात काय गेलंय हे गिताबाईला घरबसल्या ठाऊक असायचं. राहू गावाहून तो मोटरसायकलवर कामाला जायचा. पहिल्या पाळीला बाजरीची भाकरी आणि मेथी, रातपाळीला चपाती आणि शेंगदाण्याची चटणी. डबा धुवायला घेतला की उरल्यासुरल्यावरून पोराचा दिवस कसा गेला तेही तिला कळायचं. भाजी उरली तर साहेबाशी वाजलंय, भाकरी उरली तर दोस्तांबरोबर बाहेर काहीतरी हादडलंय.

मग कंपनीनं त्याला व्हिएतनामला धाडलं. तिकडं नवा कारखाना उभा राहत होता, मशिनी बसवायच्या होत्या. "वर्षाची तर गोष्ट हाय, आई," म्हणून तो गेला. वर्ष सरलं, तसा आणखी थोडे दिवस म्हणून थांबला, आणि मग तिथंच कायम झाला.

रविवारी त्याचा फोन यायचा.

"जेवलास का?"

"व्हय."

"काय खाल्लंस?"

"भात आन् कालवण."

"कसलं कालवण?"

इथं रविराज हसायचा. "आता तुला काय सांगू, आई? हितं मिळतं ते."

फोन ठेवल्यावर गिताबाई कितीतरी वेळ चुलीपुढं बसून राहायची. ते कालवण लाल असेल का पिवळं, तिखट असेल का मिळमिळीत, काही केल्या तिच्या डोळ्यांपुढं येत नसे.

"पोटभर खातोय नव्हं? मग झालं," मल्हारी, तिचा नवरा, म्हणायचा. त्याची सगळी तरणी वर्षं बापाबरोबर मेंढरांमागं गेलेली. पुढं मेंढरं विकून त्यानं नदीकाठच्या रानात ऊस लावला आणि घर एका जागी टिकलं. लांब गेलेला माणूस मिळेल ते खातो आणि पावसाळ्याच्या तोंडाला घरी येतो, हे त्यानं जन्मभर पाहिलेलं. पोरगाही तसाच येणार, याबद्दल त्याला शंका नव्हती.

दोन हजार सात साली एका रविवारी ती खात्री मोडली. रविराजनं कंपनीतल्याच एका मुलीशी लग्न केलं होतं. मुलगी तिथलीच. नाव लिएन.

"लिएन म्हंजी कमळ, आई," तो घाईघाईनं म्हणाला. "आपलं कमळाचं फूल असतंय ना, तेच."

गिताबाईनं फोन नवऱ्यापुढं धरला. मल्हारीनं सगळं ऐकून घेतलं, "बरं," एवढंच म्हणाला आणि मोटर चालू करायला रानाकडं निघून गेला. त्या दिवसापासून फोन वाजला की त्याला रानात काम निघायचं.

गिताबाई रडली. पण राग तिला फार दिवस धरता आला नाही. लिएनचा फोटो आला होता, दोघं स्कूटरवर बसलेली. बारीक चणीची, हसरी पोर. गिताबाई फोटो बघायची आणि तिला वाटायचं, ही आत्ता इथं ओट्यावर असती तर आपण हिला लसूण सोलायला दिला असता, हिच्या माहेरचं विचारलं असतं. त्या पोरीला ती मनातल्या मनात कमळी म्हणायला लागली.

धाकटी मुलगी रुपाली लग्नानंतर पुण्यात हडपसरला असायची. सुट्टीला आली तेव्हा ती सहज बोलून गेली, "कोरेगाव पार्कात नवीन व्हिएतनामी हॉटेल निघालंय. आमच्या ऑफिसची पार्टी झाली तिथं."

भाजी निवडता निवडता गिताबाईचा हात थांबला. "कमळीच्या देशाचं?"

"व्हय. पर लई महागडं हाय. आन् तुला न्हाई आवडायचं ते."

"न्हाई आवडू दे. मला बघायचंय."

मल्हारी म्हणाला, "तुमी जा मायलेकी." पण गिताबाईला गाडीत बसवून द्यायला म्हणून केडगाव स्टेशनापर्यंत आलेला तो माणूस, दौंडकडून पॅसेंजर आली तसा तिच्यामागोमाग डब्यात चढला. का चढला, हे तिनं विचारलं नाही. सरकून जागा दिली.

हॉटेलाच्या दारात मल्हारीनं सवयीनं चपला काढल्या. रुपालीनं हळूच सांगितलं, "आबा, घाला." आत कागदाचे कंदील होते, टेबलांवर बांबूच्या चटया. मल्हारी पटका सावरत खुर्चीच्या कडेवर टेकला आणि पुढ्यात ठेवलेल्या दोन काड्यांकडं बघत राहिला.

रुपालीनं मागवलं ते आलं. कुरडयांच्या चिकासारखी आरपार दिसणारी तांदळाची पातळ पोळी, तिच्यात काहीतरी गुंडाळलेलं. गिताबाईनं देवाचा प्रसाद घ्यावा तसा तुकडा तोंडात घातला, चावला, आणि तिचा चेहरा पडला.

"रुपे, हे पनीर हाय."

"व्हय आई, पनीरचंच मागवलंय."

"पनीर तर चौफुल्याच्या ढाब्यावर बी मिळतंय." तिनं चटणी चाखली. "आन् ही तर चिंचगुळाची."

वाढणाऱ्या पोऱ्याला वाटलं तक्रारच आहे. तो आतून शेफला घेऊन आला. पांढऱ्या कोटातली चाळिशीची बाई, तेजश्री तिचं नाव.

"काय झालं मावशी? आवडलं नाही का?"

"चव झ्याक हाय, बाई. पर माझी सून तिकडली हाय. माझा रवी बी तिकडंच असतोय. ती दोघं रोज काय खात्यात, ते बघायला आले मी."

तेजश्री खुर्ची ओढून बसलीच. नवऱ्याच्या नोकरीपायी तिनं काही वर्षं त्या देशात काढली होती. "हे इथल्या लोकांसाठी बेतलेलं आहे, मावशी. थोडं तिकडचं, थोडं आपलं. तिकडं असं नाही खात."

"मग कसं?"

"सकाळी रस्त्याच्या कडेला बुटक्या स्टुलांवर माणसं बसतात. वाडग्यात तांदळाच्या शेवया, वरून उकळता रस्सा. शेजारी पाल्याचं ताट असतं. पुदिना, कोथिंबीर, ज्याला जे हवं ते हातानं तोडून टाकायचं."

"त्या स्टुलांवर म्हातारी माणसं बी बसत्यात?"

"बसतात की. आणि घरात सगळे एकत्र जेवतात. माझ्या शेजारची पोरगी घास घेण्याआधी आजीला, बापाला, आईला, एकेकाला 'जेवा' म्हणायची. धाकट्यानं आधी थोरांना म्हणायचं, तशी रीत आहे त्यांच्यात."

इतका वेळ काड्यांकडं बघत बसलेल्या मल्हारीनं मान वर केली. "रोज म्हणती?"

"रोज, काका. दोन्ही वेळेला."

तेजश्री आत गेली आणि मेन्यूत नसलेला कोंबडीचा साधा रस्सा शेवयांवर घालून घेऊन आली. गिताबाईनं पाला तोडून टाकला, लिंबू पिळलं आणि चमच्यानं हळूहळू खाल्लं. वाफेनं तिचे डोळे भरले, का आणखी कशानं, ते रुपालीनं विचारलं नाही. मल्हारी "अळणी हाय," म्हणाला, पण वाडगं तोंडाला लावून त्यानं सगळा रस्सा संपवला.

पुढच्या रविवारी फोन वाजला तेव्हा मल्हारी ओट्यावरच होता. त्यानं फोन घेतला.

"जेवलास का?" मल्हारीनं विचारलं. मग घसा खाकरून म्हणाला, "तिला बी इचार, जेवली का. आन् एकदा घेऊन ये तिला."

ती दोघं आली पुढच्या दिवाळीनंतर, रजा मिळाली तेवढ्यापुरती. पहिल्याच जेवणाला लिएननं हात जोडल्यासारखे करून आपल्या भाषेत मल्हारीला काहीतरी म्हटलं. रविराज अर्थ सांगायला लागला तसा मल्हारी म्हणाला, "कळलं मला," आणि भाकरी मोडली.

दिवस भराभर गेले. भावकी, देवदर्शन, बघायला येणाऱ्या बायका. गिताबाईला सुनेपाशी निवांत बसायला सापडलं ते निघायच्या दिवशी. लिएन आपणहून चुलीपुढं येऊन बसली आणि परातीकडं बोट दाखवलं. पहिली भाकरी फाटली, दुसरी हाताला चिकटली. मग गिताबाईनं तिच्या हातावर आपला हात ठेवला आणि दोघींनी मिळून एक थापली. वाकडी झाली, पण उचलली गेली. ती तव्यावर पडली न पडली तोच बाहेर जीपचा हॉर्न वाजला. लिएन पिठाचे हात धुवायला उठली.

"आनखी चार दिस राहिली आसती तर जमलं आसतं तिला," गिताबाई त्यानंतर कितीतरी दिवस ज्याला त्याला सांगत होती.

आता रविराजला एक मुलगी आहे. दर वर्षी तो म्हणतो, पुढच्या वर्षी नक्की येतो. कमळी अजून भाकरी करून बघते, पण तिकडं बाजरी मिळत नाही. गिताबाई फोनवर सांगते, "तिला म्हनावं, तांदळाच्या पिठाची उकड काढ. न्हाई फाटायची." पलीकडं रविराज ते बायकोला समजावून सांगतो. मग लिएन काहीतरी विचारते, लांबलचक, वर जाणाऱ्या सुरात. रविराज आधी तिलाच उत्तर देत बसतो, आणि गिताबाई फोन कानाला घट्ट लावून, एक शब्दही न कळता, त्या दोघांचं बोलणं ऐकत राहते.