अमोलच्या शेजारी कोण राहतं?

मंडळी, मॉन्टेनेग्रोत तुमच्या ओळखीचं कुणी आहे का? माझा धाकटा भाऊ अमोल तिथे समुद्राकाठच्या एका हॉटेलात कुक आहे. काल तिथल्या लोकांनी मतदान करून सर्बियापासून वेगळं व्हायचं ठरवलं. अमोलचा व्हिसा मात्र दोघांच्या एकत्रित देशाचा आहे.

सकाळी फोनवर मी सुटलेच. व्हिसा चालेल का, वकिलात कुठली, परत पाठवतील का?

"ताई, इथे कुणालाच काही माहीत नाही. रात्रभर नुसते हॉर्न वाजत होते," तो म्हणाला.

बदलापूरहून उल्हासनगरला कामावर आले, पण लक्ष लागेना. आमच्या शेठची आई दुकानातच बसते. फाळणीच्या वेळी ती लहानपणी सिंधमधून इथल्या निर्वासितांच्या छावणीत आली. तिने माझ्यापुढे पापड आणि पाणी ठेवलं, उन्हातून आलेल्याला त्यांच्यात देतात तसं. मी सगळं सांगून टाकलं.

तिने एकच विचारलं, "बेटा, बाजूवाले उसको खाने पे बुलाते हैं?"

"अम्मा, बात वीजा की है."

"वो भी देखो. लेकिन हमको स्टेशन तक पडोसी ने पहुँचाया था. सरकार बाद में आई."

पापड तसाच राहिला. अमोल दोन वर्षं तिथे आहे आणि त्याच्या शेजारी कोण राहतं हे मी कधी विचारलंच नाही. दुपारपासून फोन लावतेय, लागत नाहीये.

तुमचंही कुणी बाहेर असेल ना? त्यांच्या एका तरी शेजाऱ्याचं नाव सांगता येईल तुम्हाला?